शाळेचे कॅमेरे, रेकॉर्डिंग ठेवायचं कुठे? प्रकल्प नोंदी

१३ ऑक्टोबर २०२५, सोमवार

संस्थेने आणखी आठ कॅमेऱ्यांना मंजुरी दिली. जुने आठ धरून सोळा. बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ चा शासन निर्णय आला, महिन्याभराची मुदत पडली आणि तालुक्यातल्या सगळ्या शाळांनी मिळेल त्याच्याकडून मिळेल ते बसवून घेतलं. आपलंही तसंच. डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये टीव्हीखाली ठेवलाय, वर शोभेची फुलं.

आता ठरवायचं ते सॉफ्टवेअर. एक पर्याय क्लाउडचा: महिन्याचं भाडं भरा, रेकॉर्डिंग कंपनी सांभाळेल. दुसरा, आपला संगणक, आपली डिस्क, आपलं डोकं. डिसेंबरच्या शाळा समितीपुढे एकच प्रस्ताव न्यायचा आहे. कॉम्प्युटरचा मास्तर म्हणून काम माझ्याकडे आलं.

आधी आहे त्याची पाहणी. सहा नंबरचा कॅमेरा (मागची भिंत) काळा. केव्हापासून, कुणालाच माहीत नाही. मामांना घंटा द्यायला सांगितली आणि स्क्रीनवरची वेळ पाहिली: डीव्हीआर अकरा मिनिटं पुढे. आठवड्यातून तीनदा फुटेज तपासायचं, तशा सह्या रजिस्टरात आहेत. पण तपासलं जातं ते चालू चित्र. मागचं रेकॉर्डिंग उघडून बघायची वेळच कधी आली नव्हती.

१५ ऑक्टोबर, बुधवार

क्लाउडवाल्यांचं सादरीकरण. खरं सांगायचं तर छान होतं. मोबाइलवर एका बोटात मागची तारीख, 'लाल शर्टातला माणूस' असा शोध, कॅमेरा बंद पडला की संदेश. अपडेट त्यांचे ते टाकणार. सर्व्हर मुंबईत. बाई खूश, अण्णा (संस्थेचे सचिव) त्याहून खूश.

मी दोनच गोष्टी विचारल्या. भाडं थांबवलं तर कॅमेऱ्यांचं काय? उत्तर फिरवून फिरवून आलं, पण निष्कर्ष असा की ते कॅमेरे त्यांच्याच सेवेवर चालतात. ओनव्हिफ नाही, आरटीएसपी नाही (कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी जोडायच्या या खुल्या पद्धती). भाडं थांबलं की भिंतीवरचं प्लास्टिक. दुसरं, आपले जुने आठ कॅमेरे त्यात बसतील का? बसतील, पण मध्ये त्यांचा डबा लागेल, त्याचं भाडं वेगळं. तीन वर्षांचं भाडं एकरकमी भरलं तर सवलत. त्या रकमेत आपल्याकडचं सगळं सामान दोनदा येईल.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

फळ्यावर गणित मांडलं. नववीचा तास मोकळा होता, मुलांकडूनच करवून घेतलं.

दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा, एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत), सेकंदाला १५ चित्रं. सरासरी २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) धरू. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे १,७२,८०० मेगाबिट. आठने भागा, २१.६ जीबी. सोळा कॅमेऱ्यांचे रोज ३४५.६ जीबी, तीस दिवसांचे १० टीबीच्या वर.

आपल्या ब्रॉडबँडची महिन्याची मर्यादा ३.३ टीबी. म्हणजे सगळं चोवीस तास वर पाठवायचं म्हटलं तर दहाव्या दिवशी मर्यादा संपते आणि नेट गोगलगाय होतं. वर ३२ एमबीपीएसचा अपलोड अखंड लागणार तो वेगळाच. एका पोराने विचारलं, "सर, मग लॅबमध्ये व्हिडिओ कसे बघायचे?" हाच प्रश्न मी कंपनीला ईमेलने पाठवला.

उत्तर संध्याकाळी आलं: सगळं वर जात नाही, हालचाल झाली तेवढंच जातं, बाकीचं कॅमेऱ्यातल्या कार्डावर राहतं. म्हणजे क्लाउड घेतला तरी मूळ रेकॉर्डिंग शाळेतच. हे सादरीकरणात सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आणि साडेदहाच्या परिपाठाला, मधल्या सुट्टीत, शाळा सुटताना हालचाल नसते कधी?

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीची सुट्टी, शाळा रिकामी. भाऊबीज उरकून कामाला लागलो. गावातला वायरमन आणि मामा मदतीला.

स्वतः चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये झोनमाइंडर जुनं आणि टिकाऊ, पण सोळा कॅमेऱ्यांची हालचाल ते ज्या पद्धतीने तपासतं त्याला दमदार मशीन लागतं. ब्लू आयरिस चांगलं, पण विंडोजवर आणि परवान्याचं. शेवटी फ्रिगेट घेतलं: मुक्त स्रोत, लिनक्सवर डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) चालतं, आणि माणूस, गाडी, कुत्रा ओळखायचं काम त्याच डब्यात होतं, चित्र बाहेर जात नाही.

मशीन इंटेल एन१०० चा मिनी पीसी. ओळखण्याचं काम त्याच्याच ग्राफिक्स चिपवर ओपनव्हिनोने (इंटेलचंच सॉफ्टवेअर) होतं, त्यासाठीची वेगळी कोरल स्टिक घ्यायची गरज पडली नाही. युक्ती अशी की प्रत्येक कॅमेऱ्याचे दोन प्रवाह घ्यायचे: ओळखायला ६४० बाय ३६० चा छोटा, सेकंदाला पाच चित्रं, आणि रेकॉर्डिंगला मोठा, जसाच्या तसा डिस्कवर. मोठ्याला सॉफ्टवेअर हातच लावत नाही, म्हणून एवढुशा मशीनवर भागतं. जुना डीव्हीआरही आरटीएसपीवर प्रत्येक चॅनेल देतो, त्यामुळे जुने आठही आत आले. एक लक्षात ठेवायचं: डॉकर मुळात ६४ एमबी शेअर्ड मेमरी (कॅमेऱ्यांची चित्रं तात्पुरती ठेवायची जागा) देतो. सोळा कॅमेऱ्यांना ती पुरत नाही, कंटेनर बस एरर देऊन कोसळतो. आकडा वाढवून दिला.

डिस्क ८ टीबीची, पाळतीच्या कामासाठीच बनवलेली. सलग रेकॉर्डिंग १५ दिवस (हिशेबाने ५.२ टीबी), माणूस दिसलेले तुकडे ४५ दिवस.

नवे कॅमेरे घेताना मॉडेल नंबर प्रमाणपत्राशी अक्षर न अक्षर जुळवून पाहिला. ९ एप्रिल २०२५ पासून केंद्राच्या नियमाप्रमाणे सीसीटीव्हीची सुरक्षा चाचणी झालेली असावी लागते. दुकानदार 'तेच आहे हो' म्हणतात, पण शेवटचं एक अक्षर वेगळं असतं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

रात्रभरात गेटच्या कॅमेऱ्यावर माणसांच्या नोंदींचा ढीग. उघडून पाहिलं तर गेटसमोरच्या खांबावर वाढदिवसाचा फ्लेक्स. मधोमध साहेब हात जोडून उभे, भोवती शुभेच्छुकांचे गोल फोटो. वाऱ्याने फ्लेक्स हलला की फ्रिगेटला माणूस हलल्यासारखा दिसतो. साहेबांवर ८४ टक्के खात्री, शुभेच्छुकांवर जरा कमी.

त्या भागावर मास्क टाकला, म्हणजे तेवढा भाग बघू नको असं सांगितलं. हेच क्लाउडच्या ॲपवरही करता आलं असतं, त्यामुळे याचे गुण कुणालाच नाहीत.

५ नोव्हेंबर, बुधवार

काल नगरपालिका-नगरपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या, आचारसंहिता लागली, फ्लेक्स उतरला. मास्क काढला. आता उसाच्या ट्रॉल्या. त्यांना ते 'कार' म्हणतं, आपली हरकत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी दहाला लाईट गेली ती दुपारी तीनपर्यंत. बरंच झालं, आपोआप चाचणी झाली.

मिनी पीसी, डिस्क, पीओई स्विच (नेटवर्कच्या वायरीतूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा), आठ नवे कॅमेरे मिळून शंभर वॉटच्या आतबाहेर. इन्व्हर्टरला १५० एएचची बॅटरी आहे, ती सहज पुरली. रेकॉर्डिंग अखंड. पण शाळेतला राउटर चालू असूनही बाराच्या सुमाराला नेट गेलं. गल्लीच्या तोंडाशी केबलवाल्याचा डबा आहे, त्याची बॅटरी तेवढीच. म्हणजे आपण कितीही इन्व्हर्टर लावला तरी तिथून पुढचं आपल्या हातात नाही. लाईट आल्यावर नेट यायला आणखी अर्धा तास.

पूर्ण क्लाउडवर असतो तर आजचे साडेतीन तास कार्डांच्या भरवशावर गेले असते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

अण्णा आले होते. त्यांचं म्हणणं सरळ: "सर, मला घरबसल्या मोबाइलवर दिसलं पाहिजे. आणि पालकांनाही लिंक देऊ, बालवाड्या देतात की."

बाईंनी दुसरी गोष्ट तिथेच थांबवली. एका पालकाला लिंक म्हणजे वर्गातल्या बाकीच्या सगळ्या मुलांचं चित्र त्या घरात. अण्णांना पटायला वेळ लागला, पण पटलं.

पहिली गोष्ट रास्त होती, तिचा मार्ग काढला. आपल्या नेटवर बाहेरून थेट पोचता येत नाही, कारण नेटची कंपनी एकच पत्ता अनेक घरांना वाटते. आणि पोचता आलं असतं तरी राउटरवर पोर्ट उघडून ठेवणार नव्हतो. वायरगार्डवर चालणारी टेलस्केल (ठरलेल्या फोनांपुरता खाजगी, कुलूपबंद रस्ता) लावली. अण्णांच्या आणि बाईंच्या फोनवर ती आहे, तिसऱ्या कुणाच्या नाही. फ्रिगेटचे दोन दरवाजे (पोर्ट) असतात: ८९७१ वर पासवर्ड लागतो, ५००० वर लागत नाही. तो दुसरा फक्त त्या मशीनच्या आतल्या आत. इंटरनेटवरच्या तयार नमुन्यांत ५००० सर्रास उघडा दिसतो. अण्णांना 'व्ह्यूअर' खातं दिलं. बघता येतं, बदलता येत नाही.

अण्णा जाता जाता म्हणाले, "क्लाउड तर सेफ असतो ना?" त्यांना दोन्हीकडचं सांगितलं. मार्च २०२१ मध्ये व्हेर्काडा या अमेरिकी क्लाउड कंपनीच्या एका 'सुपर ॲडमिन' खात्याची माहिती हॅकरांच्या हाती लागली आणि जवळपास दीड लाख कॅमेरे एकदम उघडे पडले. त्यांत शाळा, दवाखाने, तुरुंगही होते. उलट फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या प्रसूतिगृहातलं फुटेज टेलिग्रामवर विकलं जात होतं. तिथे पासवर्ड कारखान्यातून आला तसाच होता. त्या प्रकरणाचे धागे आपल्या लातूर-सांगलीपर्यंत आले. शाळांचं फुटेजही त्या बाजारात होतं. तेव्हा 'स्वतःचं म्हणजे सुरक्षित' असं मी समितीला अजिबात सांगणार नाही. आपल्या जुन्या डीव्हीआरचा पासवर्डही बसवणाऱ्याने ठेवलेला, तालुकाभर एकच. तो पहिल्याच दिवशी बदलला.

कॅमेऱ्यांना इंटरनेट पूर्ण तोडलं. ते फक्त मिनी पीसीशी बोलतात. पण मग त्यांना घड्याळ कोण लावणार? मिनी पीसीवरच क्रोनी (वेळ जुळवणारं सॉफ्टवेअर) चालवून सगळ्यांची वेळ त्याच्याकडून. आज घंटा आणि स्क्रीन एकत्र वाजले म्हणायला हरकत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बालदिन. आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम राजपत्रात आले. कायदा २०२३ चाच, नियमांची वाट होती. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिने आहेत.

बाईंबरोबर वाचत बसलो. अठराच्या आतलं प्रत्येक जण 'मूल', म्हणजे आपल्याकडची पाचवी ते बारावी जवळपास सगळी. मुलांचा माग काढणं, वर्तनावर पाळत ठेवणं याला कायद्यात मनाई आहे. शाळांना सूट आहे, पण शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती. क्लाउडवाल्यांनी चेहऱ्यावरून हजेरी फुकट देऊ केली होती. बाई म्हणाल्या, "ती राहू द्या. हजेरीपटावर 'हजर' म्हणायला पोरांना तोंड आहे." फ्रिगेटच्या ०.१६ मध्येही चेहरे ओळखायची सोय आली आहे. तीही बंदच ठेवली.

कायद्यातला दुसरा मुद्दा जास्त कामाचा. फुटेज कंपनीकडे ठेवलं तरी जबाबदारी शाळेचीच राहते, कंपनी फक्त आपल्या वतीने काम करणारी. म्हणजे भाडं देऊन काम जातं, जबाबदारी जात नाही. अण्णांचा समज नेमका उलटा होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बाईंचा प्रश्न: उद्या पोलिसांनी फुटेज मागितलं तर सही कोण करणार?

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. कुठल्याच तुलना-तक्त्यात तो सापडत नाही. बाईंना जालन्याचा खटला सांगितला. २०१४ ची विधानसभा, अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल कोर्टात गेले, म्हणाले उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत भरलाच नव्हता. पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. सीडी मिळाल्या, पण पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं (इलेक्ट्रॉनिक प्रतीबद्दलचं) प्रमाणपत्र मागूनही मिळेना. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र लागणारच. मूळ यंत्रच त्याच्या मालकाने कोर्टात आणून दाखवलं तर गोष्ट वेगळी.

आता ६५ब च्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे, १ जुलै २०२४ पासून. प्रमाणपत्राचे दोन भाग: एक यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. फाइलची हॅश किंमत (फाइल जराशी बदलली तरी बदलणारा आकडा) लिहावी लागते. आपला डबा आपल्या कपाटात आहे, तेव्हा पहिल्या भागावर मी किंवा बाई सही करू शकतो, आणि वेळ आलीच तर डिस्क उचलून देता येते. क्लाउडमध्ये 'ताब्यात' कोणाच्या, हे मी कंपनीला लेखी विचारलं. विक्री विभागाने कायदा विभागाकडे पाठवलं. तिथून अजून काही आलेलं नाही.

मग तालीम केली. 'परवा रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मागच्या भिंतीवर काय झालं?' असं समजून फाइल काढायची. फ्रिगेट फोल्डरची नावं जागतिक वेळेने ठेवतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणून १८ तारखेच्या पहाटे २.१० चं रेकॉर्डिंग १७ तारखेच्या फोल्डरात, त्यातल्या '२०' या तासात, ४० व्या मिनिटाच्या फाइलींत. पडद्यावर वेळ बरोबर दिसते, फाइल थेट उचलणाऱ्याची मात्र फसगत होते. फाइल सापडली, हॅश काढली, वहीत लिहिली. दिसलं काय, तर एक मांजर.

१ डिसेंबर, सोमवार

उद्या मतदान, शाळेत दोन केंद्रं. माझी ड्यूटी दुसऱ्या गावात, म्हणून सकाळीच येऊन गेलो. मतदान होणाऱ्या एका खोलीत आपला नवा कॅमेरा आहे. मी सॉफ्टवेअरमधून तो बंद केला, वायरही काढली. मामांनी वर कापडी पिशवी बांधली. केंद्राध्यक्षांना पिशवीच पटली. त्यांचं बरोबर आहे. मतदाराला वर बघितल्यावर पिशवी दिसते, आमची सेटिंग दिसत नाही.

कॅमेरा कधी बंद, कधी चालू, कुणी केला, हे वहीत वेळेसह लिहिलं.

९ डिसेंबर, मंगळवार

आज मुद्दाम मोडतोड. एका कॅमेऱ्याची वायर काढली, डिस्क भरल्याचं नाटक केलं, शेवटी मिनी पीसीच बंद केला.

गेले दोन महिने क्लाउडवाल्यांच्या सादरीकरणातलं सगळ्यात मोलाचं काय, याचा विचार करतोय. साठवण नव्हे. ती आठ टीबीच्या डिस्कमध्ये मिळते. मोलाची होती ती जाग: कॅमेरा मेला की कुणाला तरी कळतं. सहा नंबर कुणाला नकळत काळा पडून राहिला होता, त्यावर औषध हे.

तेवढंच बाहेर नेलं. मिनी पीसीवर एक छोटी स्क्रिप्ट आहे. दर पाच मिनिटांनी ती प्रत्येक कॅमेऱ्याचा एफपीएस (सेकंदाला किती चित्रं), शेवटच्या फाइलची वेळ आणि डिस्कची मोकळी जागा पाहते, आणि सगळं ठीक असेल तर बाहेरच्या सेवेला एक हाक देते. चित्र नाही, नाव नाही, फक्त 'आहे'. हाक थांबली की ती सेवा मला, बाईंना आणि वायरमनला संदेश पाठवते. डबा चोरीला गेला, नेट गेलं, लाईट गेली, काहीही झालं तरी हाक थांबतेच. वायर काढल्यावर संदेश आला, पीसी बंद केल्यावरही आला.

चोरीचं म्हणाल तर स्वतःच्या डब्याविरुद्धचा सगळ्यात जड मुद्दा तोच. चोर आधी डीव्हीआर उचलतो, कारण तो कुठे असतो ते सगळ्यांना माहीत. मिनी पीसी लॅबच्या लोखंडी कपाटात गेला. मागच्या पत्र्याला वायरमनने जाळी बसवली, नाहीतर डिस्क तापत होती. शिवाय गेट, कार्यालय आणि मागची भिंत यांचे माणूस दिसलेले तुकडे रोज रात्री संस्थेच्याच कन्याशाळेतल्या संगणकावर जातात. मुलांच्या व्हरांड्यांचं काहीही बाहेर जात नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

शाळा समिती. प्रस्ताव: रेकॉर्डिंग शाळेत, स्वतःच्या यंत्रावर. बाहेर जाणार ती फक्त हाक आणि तीन कॅमेऱ्यांचे तुकडे.

हरकत एकच आली, आणि ती खरी होती. एका सदस्यांनी विचारलं, "सर, तुमची बदली झाली तर?" क्लाउडच्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा हाच, माझ्याकडे त्याला पूर्ण उत्तर नाही. जे आहे ते सांगितलं. जुना डीव्हीआर काढलेला नाही, तो जुन्या आठांचं रेकॉर्डिंग आपलं आपलं करतोच. डबा बंद पडला तरी निम्मी शाळा दिसत राहील. नवे कॅमेरे ओनव्हिफचे आहेत, कुठल्याही साध्या एनव्हीआरला (नेटवर्क कॅमेऱ्यांचा डीव्हीआर) दुपारभरात जोडता येतील. ॲडमिन पासवर्ड बंद पाकिटात, संस्थेच्या तिजोरीत. आणि दोन पानांची मराठी माहिती कपाटाच्या दारावर आतून चिकटवली आहे: डबा कसा बंद-चालू करायचा, डिस्क कशी बदलायची, संदेश आला तर आधी काय बघायचं. वायरमनने ती वाचून एकदा सगळं करून दाखवलं, मी बाजूला उभा.

मात्र हेही नोंदवून घेतलं की ज्या शाळेत असं बघणारं कुणीच नाही, तिथे मी क्लाउडच सुचवीन, फक्त ओनव्हिफचे कॅमेरे घेऊन. संस्थेच्या डोंगरातल्या शाखेत दोनच शिक्षक आहेत, कॅमेरे चार. चार कॅमेऱ्यांची हालचाल तिथल्या नेटलाही झेपेल.

विजेचा हिशेब विचारला गेला. पीसी आणि डिस्क २० वॉट धरले तर वर्षाला १७५ युनिट. मंजूर.

२० डिसेंबर, शनिवार

बाईंनी आज आठवड्यातली तिसरी तपासणी केली. चालू चित्र नाही, मागच्या दोन दिवसांचे तुकडे, 'पाहिले' अशी खूण करत. चहा गार व्हायच्या आत संपलं. रजिस्टरात आता तारखेपुढे कोणत्या कॅमेऱ्याचं, कोणत्या वेळेचं पाहिलं तेही लिहायचं ठरलं.

गेटवर, कार्यालयाबाहेर आणि प्रयोगशाळेजवळ पाट्या लावल्या: इथे चित्रीकरण होतं, १५ दिवस राहतं, माणूस दिसलेले तुकडे ४५ दिवस, चौकशी मुख्याध्यापकांकडे.

राहिलेलं: मागच्या भिंतीच्या केबलला वीजरोधक, उन्हाळी सुट्टीच्या आत, वळवाच्या आधी. मे महिन्यात कपाटातलं तापमान मोजायचं. क्लाउडवाल्यांना नकाराचं पत्र बाईंच्या सहीने गेलं. डोंगरातल्या शाखेसाठी चार कॅमेऱ्यांचं दरपत्रक त्याच पत्रात मागवलंय.